सातव्या मजल्यावरची भाऊबंदकी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. त्यात सोसायटीच्या शेतीचं मूळही घालायला हरकत नाही. बाहेर कुणी विचारलं तर आम्ही ‘विषमुक्त अन्न’, ‘मातीची ओढ’ असं काहीबाही सांगतो. इतिवृत्ताची वही मात्र खोटं बोलत नाही. तिच्यात पहिली नोंद आहे ती मिळकतकराच्या सवलतीची.

पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पाऊसपाणी साठवण यांपैकी एक प्रकल्प चालवला तर करात पाच टक्के सूट देते, दोन चालवले तर दहा. पाऊसपाण्याची टाकी बिल्डरने आम्हाला आधीच बांधून दिली होती, कागदावर. राहिलेले पाच टक्के गांडुळांकडून वसूल करायचे होते. तिकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे लोक शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवून थकले होते. इकडे २०१६च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आमची सोसायटी त्याहून लहान, म्हणजे नियमातून सुटलेली. पण सवलत दिसली की कोथरूडचा माणूस नियमाची वाट बघत बसत नाही.

गांडुळांनी त्यांचं काम चोख केलं. अठ्ठावीस घरांची केळ्याची सालं, चहाचा चोथा आणि मेथीची देठं खाऊन त्यांनी काळंभोर, चहापत्तीसारखं खत दिलं. ते विकावं म्हटलं तर शेजारच्या सोसायटीलाही सवलत हवी होती, त्यामुळे तिच्याकडेही खत होतं. तिच्या शेजारचीकडेही होतं. गल्लीत गिऱ्हाईक कुणीच नव्हतं, सगळे उत्पादक. खताचं करायचं काय, या प्रश्नातून आमच्या शेतीचा जन्म झाला.

त्यासाठी खास सभा बोलावली. सेक्रेटरींनी भाषण तयार करून आणलं होतं. “१९६५ साली अन्नटंचाई असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवला!”

“त्यांच्या हिरवळीखाली कुणाची बेडरूम नव्हती,” ७०२ म्हणाले.

आमच्याकडे माणसांना नावं आहेत, पण सभेत ती वापरत नाहीत. सभेत माणूस हा त्याचा फ्लॅट असतो. ७०१ ते ७०४ हा गळतीग्रस्तांचा गट, आणि सोसायटीच्या राजकारणात गळती हा एकच कायमस्वरूपी पक्ष आहे. त्यांच्या पाठीशी ५०१ उभे राहिले. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. ओल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाच्या वर जातो, हे त्यांनी सर्वांना इतक्या गंभीरपणे सांगितलं की पहिल्या मजल्यावरच्यांनीसुद्धा वर बघितलं.

मग पुरावे आले. मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. आर. टी. दोशींनी उसाचं चिपाड पिशव्यांत आणि पिंपांत भरून भाज्या आणि फळं घेतली, त्यात मातीचं प्रमाण नाममात्र. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. हे ऐकल्यावर, मुंबईत झालं म्हणून पुण्यात होऊ नये, असा एक नवा पक्ष जागच्या जागी स्थापन झाला. त्याला शांत करण्यासाठी कोल्हापूरचं नाव काढावं लागलं. गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ काढून शेतकऱ्यांना आपापल्या जागेत प्रयोग करायला लावलं, हे ५०१ यांनाच ठाऊक होतं. ठराव पास झाला. गळतीच्या बाबतीत ‘वेळोवेळी पाहण्यात येईल’ असं वाक्य घातलं. असं वाक्य घातलं की पुढे कुणी काही पाहत नाही, हे गळतीग्रस्त सोडून सर्वांना माहीत असतं.

१०१ मधल्या आजी तेवढ्या शेवटपर्यंत गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, “आमच्या वाड्यात मोरीच्या पाण्यावर अळू यायचा. त्याला समिती नव्हती.”

अठ्ठेचाळीस क्रेट आले. घरं अठ्ठावीस. या दोन आकड्यांचा भागाकार नीट होत नाही, आणि जमिनीचा भागाकार नीट झाला नाही की महाराष्ट्रात काय होतं ते सांगायला नको. प्रत्येक घराला एक क्रेट आणि उरलेले वीस सामाईक, असं ठरलं. सेक्रेटरींनी कॉम्प्युटरवर तक्ता केला. त्यात क्रेटचा नंबर, धारकाचं नाव, पीक, शेरा असे रकाने होते. त्या तक्त्याला दुसऱ्याच दिवसापासून सगळे सातबारा म्हणू लागले, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यातल्या नोंदींवर हरकती यायला लागल्या.

४०२ यांचा क्रेट पाण्याच्या टाकीच्या सावलीत होता. त्यांनी ‘कोरडवाहू’ जमिनीच्या बदल्यात ‘बागायती’ जमीन मागितली. २०३ यांचा क्रेट दर सोमवारी सकाळी उन्हाकडे दोन इंच सरकलेला दिसायचा. ‘बांध कोरणं’ ही कला तीन पिढ्या पुण्यात राहूनही रक्तातून गेलेली नव्हती. सामाईक वीस क्रेटांत काय पेरायचं, यावर एकमत होईना, म्हणून त्यांत पहिले काही महिने काहीच नव्हतं. सामाईक जमीन पडीक राहते, हा अनुभव गावाकडे सोडून आलो असं वाटणाऱ्यांना तो लिफ्टने वर आलेला दिसला.

सगळ्यांत मोठा दावा ३०३चा. घरमालक न्यू जर्सीत. भाडेकरूंनी त्यांच्या क्रेटमध्ये माती भरली, वांगी लावली, कीड वेचली, वांगी खाल्लीसुद्धा. मालक सुट्टीवर आले आणि म्हणाले, क्रेट माझा. भाडेकरू वकिलीचा अभ्यास करणारे. त्यांनी १९४८चा कुळवहिवाट कायदा काढला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’, त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं, असा दाखला त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मालकांनी उत्तरादाखल फक्त १ एप्रिलवर बोट ठेवलं. शेवटी कुळाने वांगी घ्यावीत आणि मालकाने परत जाताना फोटो घेऊन जावा, अशी तडजोड झाली. जमीन सुधारणांच्या इतिहासात इतका सामोपचाराचा निकाल क्वचितच लागला असेल.

मग पाणी. एकच नळ, एकच लांब पाइप, त्याला जळगावहून मागवलेलं ठिबक. पाइपच्या तोंडाशी असलेल्या क्रेटांत पालक पोहत होता आणि शेपटाकडच्या क्रेटांत माती टाचा फुटल्यागत भेगाळलेली. खडकवासल्याच्या कालव्यावरही हेच चालतं. वरचे भरून घेतात, दौंड-इंदापूरचे शेपटाकडचे शेतकरी आवर्तनाची वाट बघतात, आणि शहर जास्त पाणी पितं म्हणून मधूनमधून आपल्या नावाने बोटं मोडतात. आतापर्यंत त्या बातम्या आम्ही ‘हे लोक सारखं पाणी पाणी काय करतात’ अशा सुरात वाचत होतो. शेपटाकडच्या क्रेटधारकांनी एका रविवारी थाळ्या वाजवत नळाला घेराव घातला तेव्हा सूर बदलला. कालवा सल्लागार समितीच्या धर्तीवर आमची नळ सल्लागार समिती झाली. तिच्या बैठकीला पाइपच्या तोंडाशी असलेले कधीच येत नाहीत. त्यांना गरजच नसते.

या सगळ्यात शेती कोण करत होतं? वॉचमन मामा. मामा बीड जिल्ह्यातले, कोरडवाहू तीन एकरांचे मालक. सोयाबीन आणि कापूस. पावसाने दगा दिला म्हणून पुण्यात आलेले. गच्चीवर शेती करायची ठरलं तेव्हा तज्ज्ञांची यादी झाली, तिच्यात एक यूट्यूब चॅनेलवाले, एक बोन्सायवाल्या बाई आणि एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गुलाबाला बक्षीस मिळवलेले गृहस्थ होते. मामांचं नाव पाणी घालणाऱ्यांच्या यादीत होतं. त्या यादीत तेवढं एकच नाव होतं.

पहिली पेरणी कोथिंबिरीची. तज्ज्ञांनी धणे अख्खे पेरले. उगवेनात. मामा बरेच दिवस बघत होते. मग एका संध्याकाळी त्यांनी मूठभर धणे जमिनीवर पसरून चपलेने रगडले, दोन फाकी झाल्या तशा पेरल्या. कोथिंबीर तरारून आली. ते तंत्र समितीने लगेच स्वीकारलं, फक्त चपलेऐवजी लाटणं वापरावं, अशी दुरुस्ती करून. तज्ज्ञांपैकी एकाने त्यावर व्हिडिओ केला. त्यात लाटणं आहे, मामा नाहीत.

दुधीच्या वेळी प्रकरण नाजूक झालं. वेल मांडवभर पसरला, पांढरी फुलं लागली, पण दुधी धरेना. ६०४ मधल्या बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांनी सांगितलं की दुधीला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, मादीच्या देठाशी इवलासा दुधी असतो, फुलं संध्याकाळी उमलतात, आणि सातव्या मजल्यावर परागीभवन करणारे कीटक पुरेसे येत नसतील तर ते काम हाताने करावं लागेल. कार्यकारिणीत सगळे पुरुष. विषय ‘इतर’ या सदरात घेण्यात आला. तेव्हापासून दिवेलागणीला तीन निवृत्त गृहस्थ टॉर्च घेऊन वेलाखाली वाकलेले दिसायला लागले. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाला हलकेच लावायचं. आयुष्यभर मुलींसाठी स्थळं बघताना पत्रिका जुळवणाऱ्या या मंडळींनी दुधीच्या बाबतीत गोत्रसुद्धा विचारलं नाही.

दुधी धरला. एकच. अठ्ठावीस घरांत एक दुधी. किसून वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला कोशिंबिरीपुरताही नाही. मग आपलं हक्काचं हत्यार काढलं, लिलाव. गणपतीच्या नारळासारखी बोली लागली आणि दुधी साडेतीनशेला गेला. घेणाऱ्यांच्या घरी दुधी कुणालाच आवडत नाही. त्यांनी तो दिवाणखान्यात ठेवला, इतके दिवस की शेवटी त्याचा तंबोरा करता येईल अशी सूचना आली.

कीड आली तेव्हा औषधांचे दोन पंथ झाले. एक जीवामृताचा. सुभाष पाळेकरांच्या कृतीने दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. गूळ आणि बेसन हा भाग सगळ्यांना जमण्यासारखा होता. शेण मात्र सिंहगड रस्त्यापलीकडच्या गोठ्यातून आणावं लागलं, आणि ‘लिफ्टमधून फक्त माणसं व किराणा’ या नियमात शेण नेमकं कुठे बसतं, यावर पाऊण तास गेला. दुसरा पंथ दशपर्णी अर्काचा. कडुनिंब, निरगुडी, घाणेरी, रुई, करंज, एरंड, पपई, सीताफळ अशी पानं शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायची. तो अर्क मावा घालवतो यात शंका नाही. त्याच्या वासाने मावाच काय, ७०१ मध्ये मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा पोह्याला हात न लावता गेली. आता ७०१ गळतीग्रस्तही आहेत आणि अर्कग्रस्तही.

तण उपटण्यावरूनही एक धडा मिळाला. क्रेटांत आपोआप एक मांसल पानांची, तांबूस देठांची वेल पसरायची. तिला उपटून टाकायचा ठराव होता. मामा ती उपटून टाकण्याऐवजी पिशवीत भरून न्यायचे. ती घोळ. डाळ घालून तिची भाजी मराठवाड्यात घरोघर होते. पुढे कुणीतरी वाचलं की घोळेत ओमेगा-३ असतं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाटी लागली: ‘घोळ ही सोसायटीची मालमत्ता आहे. विनापरवानगी उपटू नये.’ जोवर ती मामांच्या ताटात होती तोवर ती तण होती. आता ती सॅलडमध्ये गेली.

२०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरावर गेला आणि गच्चीला कुलूप लागलं. चावी तिघांकडे, नोंदवही चौथ्याकडे. सामाईक क्रेटांत टोमॅटो होते, त्यांची रोज मोजणी व्हायची. त्याच वर्षी मे महिन्यात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, कारण किलोला रुपया-दोन रुपयेसुद्धा मिळत नव्हते; तेव्हा आमच्याकडचे टोमॅटो वेलीवरच पिकून गळत होते आणि कुणी वाकून उचलत नव्हतं. भाव पडला की शेतकरी कसा हवालदिल होतो, हे आम्हाला कळलं असं म्हणता येणार नाही. भाव चढला की व्यापारी साठा कसा करतो, हे मात्र फार लवकर कळलं.

खजिनदारांनी वार्षिक हिशोब मांडला तेव्हा शांतता पसरली. क्रेट, ठिबक, कोकोपीट, रोपं, बियाणं, जाळी आणि पारव्यांना घाबरवायला आणलेलं प्लास्टिकचं घुबड. (पारवे त्याच्या डोक्यावर बसतात.) भागिले उत्पन्न. मेथीची जुडी मंडईतल्या जुडीच्या कितीतरी पट महाग पडली होती. शिवाय ३०२ यांनी विचारलं, यात स्थानिक काय आहे? कोकोपीट तमिळनाडूचं, बियाणं बंगळुरूचं, ठिबक जळगावचं, घुबड बहुधा चीनचं. नीट बघितलं तर त्यात स्थानिक म्हणावं असं फक्त भांडण होतं.

खरी स्थानिक भाजी तर शहराच्या दारात रोज येते. पुरंदरहून, जुन्नरहून, मुळशीहून. १८८६ साली उघडलेल्या मंडईत पिढ्यान् पिढ्या ती येत आली आहे. हल्ली पणन मंडळाच्या शेतकरी आठवडे बाजारांतही येते. त्या बाजारांना सावता माळ्यांचं नाव आहे. अरणच्या सावतोबांना मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल भेटला, त्यासाठी पंढरपूर गाठावं लागलं नाही. आमच्या सभासदांनाही भाजीत दर्शन व्हायला लागलं आहे, पण ते स्वतःचंच. वांगं हातात धरून काढलेल्या फोटोत वांगं एक चतुर्थांश असतं.

आठवडे बाजारात आता आम्ही गिऱ्हाईक म्हणून जात नाही, समव्यवसायी म्हणून जातो. २०१ मधल्या काकूंनी परवा पुरंदरच्या शेतकऱ्याला विचारलं, “तुमच्याकडे मावा फार आहे का हो यंदा? आमच्याकडे अगदी सुळसुळाट झालाय.”

शेतकरी आदराने उभा राहिला. “किती आहे ताई तुमच्याकडं?”

“अठ्ठेचाळीस,” काकू म्हणाल्या. ‘क्रेट’ हा शब्द त्यांनी पिशवीत दोडका भरताना तोंडातल्या तोंडात म्हटला.

बागायतदारीणबाई समजून त्याने कोथिंबिरीची एक जुडी वरती टाकली. काकूंनी ती घेतली आणि मग दोडक्याच्या भावात पाच रुपये कमी करायला लावले.

यंदाच्या जूनमध्ये वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर मामांचा अर्ज होता: पेरणीसाठी गावाकडे जायचं आहे, रजा मिळावी. गावाला पाऊस झाला होता, वाफसा आला होता, आणि सोयाबीन काही सभेसाठी थांबत नाही. सभेला अर्जाचा आशय पटला. आम्ही आता शेतीतले असल्यामुळे पेरणीचं महत्त्व आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. ५०१ तर ‘बळीराजा’ हा शब्द तीनदा वापरून बोलले. प्रश्न एवढाच होता की मामा गेल्यावर आमच्या शेताला पाणी कोण घालणार?

पाळ्या लावाव्यात, अशी सूचना आली. पाळ्यांना तत्त्वतः सगळ्यांचा पाठिंबा होता. अंमलबजावणीत प्रत्येकाचा गुडघा, नात किंवा ऑफिस आडवं आलं. ठिबकला टायमर बसवावा तर नऊ हजार रुपये. एजन्सीकडून बदली माणूस मागवावा तर त्याला शेती येते की नाही, याची मुलाखत कोण घेणार? ७०२ यांनी सुचवलं की मामांनी पेरणी लवकर उरकावी. ४०१ म्हणाले, पेरणी मामांच्या भावाने करावी, इथल्या झाडांना त्यांच्या हाताची सवय आहे. दीड तास झाला. चहा दोनदा फिरला. न्यू जर्सीहून ऑनलाइन असलेले मालक झोपी गेले.

मामा दाराशी उभे होते. त्यांना विचारावं, असं शेवटी १०१ मधल्या आजींनीच सुचवलं.

“मामा, तुम्ही नसताना झाडांना पाणी कोण घालणार, सांगा बरं,” सेक्रेटरी म्हणाले.

“सर,” मामा म्हणाले, “पावसाळा हाय. वरून पडतंय की.”

सभेने बाहेर बघितलं. पडत होता.

इतिवृत्तात नोंद आहे: ‘जून ते सप्टेंबर या काळात गच्चीवरील पिकांना पाणी देण्याचे काम पावसाकडे सोपवावे, असे सर्वानुमते ठरले. सूचक ५०१, अनुमोदक ७०२. वॉचमन यांचा अर्ज मंजूर. रजा बिनपगारी.’